घरच्या गोळ्या, विकतच्या गोळ्या

७ जानेवारी

शी! घरभर तो वास. मेणाचा, जळक्या रबराचा, आणखी कशाकशाचा. ऑरिनने गॅरेजमध्ये पुन्हा शिसं वितळवायला घेतलंय. बाहेर नाक गोठवणारी थंडी, आणि या माझ्या नवऱ्याने गॅरेजचं दार सताड उघडं टाकलंय! टायरवाल्याकडून बादलीभर शिशाची जुनी वजनं आणतो – चाकांना लावतात ती. त्यात गंज, ग्रीस, कुणाकुणाची सिगारेटची थोटकं. सगळं त्या भांड्यात. वर काळी साय धरते ती पळीने काढतो आणि माझ्याकडे बघून हसतो. 

"मार्लिस, बघ तरी! आरशासारखी आलीये." साच्यातून पडलेली पिस्तुलाची गोळी दाखवत होता. मी आतलं दार धाडकन लावलं.

११ जानेवारी

गुरुवार. क्लबच्या तळघरात दुपारची नेमबाजी. ऑरिनच्या गोळ्यांवरच्या मेणाचा इतका धूर, की मला माझंच लक्ष्य दिसेना. हवा खेचणारा पंखा तर दिवाळं निघाल्यासारखा बंदच आहे. पिस्तुलाच्या नळीत शिसं चिकटतं ते घरी येऊन खरवडायचं – तेही माझ्याच नशिबी. लग्न झाल्यापासून याच गोळ्या मारतेय. नेम चांगला लागतो, ते नाकारत नाही. पण आज नाही लागला.

येताना दुकानातून खोकं घेतलं. वरून तांब्याचं आवरण. कोरड्या, चकचकीत, स्वच्छ! हातात घेऊनच बरं वाटलं.

१८ जानेवारी

आज विकतच्या मारल्या. धूर नाही, चिकटपणा नाही, आणि सगळ्या जवळजवळ एकाच भोकातून! वेंडेल माझ्या लक्ष्याचा कागद बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं, नवऱ्याच्या हातचं सोडून हॉटेलात जेवायला लागलीस?" सगळे खिदळले. हा वेंडेल ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र. म्हणजे बातमी माझ्याआधी घरी पोचणार.

नेहमीप्रमाणे मागे थांबून रिकामी काडतुसं झाडून काढली. पुरुषांना खाली काय पडलंय ते दिसतच नाही. मग तशीच ब्रिटाला पाळणाघरातून घ्यायला. लेकीची, केंड्राची, हॉस्पिटलातली ड्यूटी संपेपर्यंत गुरुवारी नात माझ्याकडे. गाडीत बसवताना तिने माझ्या जॅकेटची बाही तोंडात घातली. दात येताहेत लबाडाला.

१९ जानेवारी

पोचलीच बातमी. ऑरिन ओरडला नाही. नुसता दुखावल्यासारखा बसला.

"तुझ्या पिस्तुलाच्या नळीचं माप मी घेतलंय. दुकानदाराने घेतलंय का?"

"दुकानदार माझ्या बेसिनमध्ये हात धूत नाही!"

ऑरिन धुतो कसला, ब्रशने कोपरापर्यंत घासतो. आणि मागे ते काळं कडं राहतं बेसिनला. ते मी पुसायचं.

१५ फेब्रुवारी

 ब्रिटाची वर्षाची तपासणी झाली. रक्तात शिसं सापडलं. असायला हवं त्याच्या कितीतरी वर.

केंड्रा फोनवर आधी रडली, मग पेटली. "डॅडचं ते गॅरेज, मॉम! दुसरं काय असणार? तू रोज बघत होतीस ना?"

बघत होते. नाक मुरडत होते आणि बघत होते.

ऑरिनला सांगितलं. तो चमचा हातात धरून उभाच राहिला. "मी तिला कधी गॅरेजमध्ये नेलं नाही गं." मी म्हटलं, नेलं नाहीस, पण आणलंस की! बुटाला लावून, केसांत घेऊन. आणखीही बरंच बोलले. नातीच्या मेंदूपेक्षा तुला गोळ्या प्याऱ्या, असंही. त्याचं जेवणही मला बघवेना. नुसते बटाटे चिवडत होता.

१७ फेब्रुवारी

गॅरेज रिकामं केलं त्याने. भांडं, पळ्या, शिशाच्या विटा. साचे त्याच्या वडिलांचे होते, तेही वेंडेल घेऊन गेला. वेंडेलला आज एकही विनोद सुचला नाही. मी वर खिडकीतून बघत होते. दया यावी ना? नाही आली. किळस आली – इतकी वर्षं या घाणीला छंद म्हणायचा!

१ मार्च

केंड्रा बाळाला आमच्या दारात आणत नाही. मीच क्लबहून परस्पर पाळणाघरात जाते, आणि तिच्या घरी जाऊन ब्रिटाला सांभाळते. ऑरिनला यायची बंदी. तो विचारतो, "चालते का गं आता?" मी म्हणते, चालते.

२ मार्च

गुरुवारचं तळघरच आता माझा विसावा. तिथे तरी गॅरेजची कटकट नाही. माझ्या गोळ्या स्वच्छ आहेत.

५ एप्रिल

पुन्हा तपासलं. शिसं वाढलंय! गॅरेज बंद, आजोबा बंद, आणि तरी वाढलंय. केंड्राने आरोग्य खात्याला कळवलं. त्यांची बाई आली. शांत, हातमोजे घातलेली. प्रत्येक गोष्टीवरून ओला कागद फिरवून पिशवीत टाकत होती. गॅरेजची फरशी. बेसिन. बूट. मग म्हणाली, "तुमची गाडीही दाखवा." मी म्हटलं, दाखवते की.

१२ एप्रिल

बाई परत आली. स्वयंपाकघरातच बसली.

"गॅरेजमध्ये फारसं काही नाही. दार उघडं ठेवून काम करायचे का?"

ऑरिन म्हणाला, "नेहमी. आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसायचो."

मला हे माहीतच नव्हतं. दार लावून घेत होते ना मी.

"गाडीच्या सीटवर खूप सापडलं. बाळाच्या सीटच्या पट्ट्यांवर. तुमच्या जॅकेटवर तर फारच. मिसेस टॉलेफसन, क्लबच्या तळघरात झाडू कोण मारतं?"

मी म्हटलं, पण माझ्या गोळ्या तांब्याच्या आहेत!

"वरून तांबं. आत शिसंच. आणि काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारा मसाला असतो, त्यातही शिसं. बार उडाला की ते जमिनीवर बसतं – तुमचंही, बाकी सगळ्यांचंही. पंखा बंद. कोरडा झाडू मारला की सगळं उडतं आणि कपड्यांवर येतं."

ती गेल्यावर मी हात घासले. घासतच राहिले. पाण्याकडे बघवेना. ऑरिन मागे येऊन उभा राहिला. तो काहीतरी टोचून बोलेल तर बरं, असं वाटत होतं.

"केंड्राला सांगू नकोस," तो म्हणाला. "गॅरेजचंच होतं म्हणू. माझ्यावर रागावायची तिला आता सवय झालीये."

माझी मलाच शिसारी आली. कारण क्षणभर मी 'बरं' म्हणणार होते.

१४ एप्रिल

केंड्राला मीच सांगितलं. सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॅडला फोन दे."

गुरुवारी ब्रिटा इथे येणार आहे. आणायला ऑरिन जाईल. मी घरात नसायचं.