रिकाम्या नोंदी शून्य धरा

४ मार्च

आजपासून ऑफिस. सगळे इतकं हळू बोलत होते, जणू मीच आजारी आहे! शिपाई चहा ठेवून उलट्या पावलांनी गेला. एरवी हसले असते.

साहेबांनी लगेच कामाला जुंपलं, बरंच झालं. टेकडीच्या उताराचा मातीचा नकाशा. पालिकेला हवाय. उतार घसरणीचा निघाला तर खालची गल्ली रिकामी करणार. खालची गल्ली म्हणजे आमचीच – सासूबाईंचं घर, तिसरं दार. "जमेल ना तुला?" साहेबांनी विचारलं. "न जमायला काय झालं," म्हटलं.

याच नकाशासाठी, याच उतारावर खड्डा खणताना माझा नवरा गेला. खड्ड्याची भिंत अंगावर आली. ऑफिसात त्याला खड्डेसाहेब म्हणायचे.

लिहून झालं. पेनाला टोपण लावलं.

५ मार्च

सासूबाई : "रडलीस का गं एकदा तरी?"

नाही.

"मग भांड तरी माझ्याशी. अशी मख्खासारखी बसू नकोस, भीती वाटते मला."

भांडायलाही जीव लागतो.

७ मार्च

नकाशा काढला. उतार हिरवा! चिकणमाती सरासरी अकरा टक्के. पंधराच्या आत हिरवा, पस्तिसाच्या वर लाल, मधला पिवळा. चिकणमाती जितकी जास्त, तितका उतार पाणी पिऊन फुगणार आणि सुटणार. अकरा म्हणजे बिनघोर झोपा.

घरी सांगितलं. "म्हणजे घर राहतंय?" सासूबाईंनी दोनदा विचारलं. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "याच फरशीवर रांगलाय तो," म्हणाल्या. मी टीव्ही बघत होते. टीव्ही बंद होता, हे मागाहून कळलं.

१० मार्च

अकरा आले कुठून? सकाळपासून डोक्यात तेच. त्या उतारावरून येऊन त्यानं बूट धुतले की आमची मोरी तुंबायची. किती भांडले असेन मी त्या बुटांवरून! अकरा टक्क्यांनी मोरी तुंबत नाही.

नकाशाच्या सॉफ्टवेअरचं सेटिंग उघडून बसले. आम्ही काढतो ती भारित सरासरी – जी माती जास्त जागा व्यापते तिचं वजन जास्त. जाड थराचं वजन पातळ थरापेक्षा जास्त. या उतारावर माती तीन जातींची. दोघींचे आकडे आहेत. तिसरी सगळ्यात मोठी, जवळजवळ निम्मा उतार तिचाच – आणि तिचा रकाना रिकामा. तो त्याचा खड्डा. नमुना वर आलाच नाही.

आणि खाली चौकटीत बरोबरची खूण : 'रिकाम्या नोंदी शून्य धरा.'

आधीच्या कामातली खूण. तो दगडगोट्यांचा नकाशा होता, तिथं रिकामं म्हणजे दगड नाहीत, म्हणून शून्य बरोबर. ती तशीच राहिली. म्हणजे जी माती माणूस गिळून बसली, तिच्यात चिकणमाती शून्य! धन्य आहे!

खूण काढली. आता रिकामा रकाना मोजायचाच नाही, उरलेल्या दोघींचीच सरासरी. वीस. पिवळा.

११ मार्च

साहेबांना दाखवलं. "मग पिवळा पाठव की. पिवळ्यावर कुणी घरं रिकामी करत नाही. तुझंही घर वाचतं." माणूस वाईट नाही. माझ्यासाठीच बोलत होते.

"पण त्या मातीचा आकडाच नाही ना, साहेब."

"मग काय करू? पुन्हा माणूस उतरवू तिथं? आणि यंत्र मागवायचं तर वर कारण द्यावं लागतं. रकाना रिकामा आहे, हे काय कारण झालं?"

जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला. सगळा.

१२ मार्च

सासूबाईंना सगळं सांगितलं. लपवायचं तरी कशाला.

"लाल निघालं तर?"

"घर सोडावं लागेल, आई."

"आणि मोजलंच नाही तर?"

"राहू इथंच. टेकडी राहू देईल तोवर."

त्यांनी स्टूल घेऊन माळ्यावरून एक पिशवी काढली. इस्पितळातून दिलेली. त्याचे बूट, पँट. त्यांनी धुतलेलं नव्हतं, मी उघडलेलं नव्हतं. "माती हवी ना तुला? ही घे. जपून ने." आणि मग एकदम खेकसल्या, "बघतेस काय? शेजारी पोरंबाळं आहेत ना खाली!"

पिशवी हातात घेतली तेव्हा काही वाटलं नाही. खरं तेच लिहायचं ठरलंय.

१४ मार्च

लॅबमधल्या बाई फॉर्म भरत होत्या. "खोली काय लिहू? वरचा थर, मधला, खालचा?"

"सगळे. त्याच्यावर सगळेच पडले होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्या रडल्या.

१८ मार्च

चिकणमाती एकसष्ट टक्के.

साहेब म्हणाले, "बुटाची माती म्हणजे नमुना नव्हे, तुलाही ठाऊक आहे." मग कागद फायलीत लावला. "यंत्र मागवायला मात्र पुरे."

३ एप्रिल

यंत्रानं खणलं. माणूस आत उतरला नाही. दीड मीटरपर्यंत त्या मातीची सरासरी एकोणसाठ. रकाना भरला. उतार एकोणचाळीस. लाल.

मी लाल केला. पाठवून दिला.

२६ एप्रिल

सामान हललं. नवीन खोल्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सासूबाईंनी जुनी फरशी पुसून काढली, मग कुलूप लावलं. म्हटलं, "आई, आता कशाला?" "घाणेरडं ठेवून जातात का कुणी?"

१५ जून

शेजारीण भर रस्त्यात बोलली. "टेकडी आहे जागच्या जागी! आम्हाला मात्र देशोधडीला लावलंत, तुमच्या त्या नकाशापायी!" सासूबाई कंबर कसून पुढं झाल्या. "तुझी पोरं शाळेत गेलीत ना? मग भाजी घे आणि घरी जा!"

घरी येईपर्यंत त्यांनाच धाप लागली होती. "खरंच काही होणार आहे का गं त्या टेकडीला?" हळूच विचारलं.

माहीत नाही, म्हटलं.

२२ जुलै

तीन दिवस पाऊस. आज दुपारी टेकडी खाली आली. आमचं घर गेलं, शेजारणीचं गेलं, अख्खी गल्ली गेली. आत कुणी नव्हतं.

साहेबांनीच फोन करून सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "वाचली सगळी." मी मोरीत गेले, नळ सोडला आणि त्याचं नाव घेऊन ओरडले. थांबताच येईना. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "रड, पोरी. मी आहे इथं."