शिवेवरच्या क्रुसापाशी

ओल्शांका, १९ मार्च १९७१

प्रिय हिपोलित भावजी,

घरी सगळे बरे असाल. तार पोचली असेलच. काल तुमच्या दादांना माती दिली. सकाळी धुकं होतं, दुपारी ऊन पडलं. आलेले सगळे जेवून गेले.

नारेव नदी यंदाही रस्त्यावर आली आहे. टेकडीवरच्या चर्चपर्यंत शवपेटीची गाडी न्यायची कशी, या काळजीत मी होते. सकाळी पाहते तर शेजाऱ्यांनी आपापल्या कोठारांची दारं काढून चिखलावर अंथरलेली. मी कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

शिवेवरच्या क्रुसापाशी गाडी थांबली. पटकीच्या साथीत तुमच्या पणजोबांनी उभा केलेला तो क्रूस. युद्धात गाव जळलं तेव्हा तेवढाच वाचला. रीतीप्रमाणे फेलिक्सकाकांनी दादांच्या वतीने निरोप घेतला. "मी, वालेन्ती, निघालो," म्हणत एकेका शेजाऱ्याची नावानिशी माफी मागितली. जो तो "माफ केलं" म्हणत होता. शेवटी काका म्हणाले, "हिपोलित, माझ्या भावा, तूही माफ कर."

तुम्ही तर दूर श्चेचिनला; कोण बोलणार? उत्तर मिळाल्याशिवाय शीव ओलांडत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. घोडा पाय आपटू लागला. तेवढ्यात शेजारची लेओकाद्या, जिचं तुम्हा दोघा भावांशी कधीच पटलं नाही, ती ओरडली, "केलं म्हणतोय तो! श्चेचिनहून आवाज यायला वेळ लागतो. बहिरे झालात का सगळे?"

"तुझा मात्र तिथवर पोचला असेल, बाई," काका पुटपुटले. लोक हसले. मीही हसले, भावजी. गाडी पुढे निघाली.

तुम्हा दोघा भावांच्या जमिनींत नदी ही हद्द, असं मामंजींनी ठरवून दिलं होतं. मग त्या पुरात नदीने पात्र बदललं, तुमचं कुरण आमच्या काठाला आलं, आणि तुम्ही गावी येणं सोडलंत. दर उन्हाळ्यात ह्यांनी तिथलं गवत कापलं. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. मात्र अखेरच्या दिवसांत एकदा ह्यांनी विचारलं, "नदी परतली का जुन्या वाटेला?" मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कालचं उत्तर तुमचं नव्हतं, हे मला कळतं. पण तुमच्या नावावर त्यांना पुढे जाता आलं. त्यासाठी तुमचेही आभार. ते उत्तर खरं करायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. घाई नाही.

गाय हंबरते आहे. तिला गवत घालून येते. तुमच्या कुरणातलंच आहे.

तुमची वहिनी,
ब्रोनिस्वावा