सिद्धप्पांच्या कोटाची गुंडी

शुक्रवार, म्हैसूर. दसरा तोंडावर.

आजचं आजच लिहून ठेवतो. सून जिंकली! सुमित्रेचा ठराव आज नगरपालिकेत एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बन्नीमंटपाच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, रस्त्यावरच्या फूलवाल्यांना दसऱ्यासाठी यंदा हाकलायचं नाही. आधी दुसरी जागा द्यायची, मगच उठवायचं.

मी वर गॅलरीत नुसता घाबरत होतो. ही अपक्ष नगरसेविका, पाठीशी पक्ष नाही. त्यात समोरच्या बाकावरचे सिद्धप्पा ओरडले, "शिंप्याची सून तू, घरी जाऊन काजं कर!" सगळे हसले. माझं डोकं तापलं. वाटलं, आता हिनं चांगलं सुनावावं.

ती शांतपणे म्हणाली, "करते की, अण्णा. तुमच्या कोटाची गुंडी लोंबतेय, तीही घरी घेऊन या, मामंजी लावून देतील. पण फूलवाली उद्या कुठे बसेल, तेवढं सांगा."

सिद्धप्पा गुंडी चाचपत राहिले. विठ्ठला, म्हटलं, चिडले आता. आणि मतदानात शेवटचा हात वर गेला तो त्यांचाच!

ती भांडली असती तर? मी तर भांडलोच असतो. अजून तेच डोक्यात घोळतंय.

संध्याकाळी दारात सिद्धप्पा, कोट हातावर. "अम्मांनी बोलावलं होतं," म्हणाले. सकाळी सुमित्रेला 'तू', आता मानाचं 'अम्मा'! सुमित्रेनं कॉफी केली. मी सुई ओवली.

लोंबत होती एकच. मी सगळ्याच गुंड्या दुहेरी दोऱ्याने पक्क्या करून दिल्या.