ओढ्याच्या वाटेवर एक नाव

२ नोव्हें.
डॉ. म्हणाले, रोज सपाट जागेवर चालवा. आमच्या गल्लीत सपाट काय आहे? खड्डे नि कुत्री. शेवटी ह्यांना ओढ्याकाठच्या नव्या वाटेवर नेलं. एका अंगाला चालणारे, दुसऱ्या अंगाला सायकली. माझ्या खांद्यावर भार देऊन पहिल्या बाकापर्यंत आले. उजवा पाय ओढतात. झटका आल्यापासून शब्द नाय, नुसतं ऊं ऊं. घरी येईस्तोवर दोघं घामाघूम.

९ नोव्हें.
आज दुसरा बाक. पाण्यावरच्या फांदीवर खंड्या, निळाभोर. म्हटलं, "बघा हो." बघितलं. हसलेपण, अर्ध्या तोंडाने. शिलाईची दोन गिऱ्हाइकं दार बंद बघून परत गेली. जाऊ दे.

२१ नोव्हें.
बोलले!
बाकावर बसवून मी जरा पुढे गेले होते, पाण्यातले मासे बघत. मागून स्पष्ट हाक. "सुमन."
सुमन म्हणजे ह्यांची पहिली बायको. मी या घरात यायच्या आधीच गेलेली. वळले, तर माझ्याकडेच बघत होते. डोळे भरलेले.
मी ओ दिली. आणखी काय करणार?

२२ नोव्हें.
इतक्या वर्षांत मला नावाने हाक नाय. 'गो', नायतर 'ऐकलंस का'. आमच्यात कोण मारतं नावाने? तिला मारायचे वाटतं.
मेलेल्या बाईचा हेवा करत बसले नि दूध उतू गेलं. मग एकटीच हसले.

६ डिसें.
लता आली मुरबाडहून. सुमनताईंची लेक, मी वाढवलेली. तिघं ओढ्यावर गेलो. ह्यांनी तिच्यासमोर मला तीच हाक मारली. पोर तिथेच रडायला लागली. मग गुडघ्यावर बसून त्यांना सांगते, "बाबा, ही मंदामावशी हाय. आय नाय." ह्यांचा चेहरा एवढासा झाला.
परत येताना मला म्हणाली, "मावशी, तुमी ओ कशाला देता? वाईट नाय वाटत?"
"वाटतं गो. पण हाक तर मारतात. गप्प बसले तर?"

९ डिसें.
गप्पच बसलेत. ओढ्यावर यायला तयार नाय. चप्पल पुढे केली तर पायाने सारली.
लताचा फोन, "मी उगाच बोलली." म्हटलं, आय आठवल्यावर रडशील नायतर काय करशील.

१२ डिसें.
आज मी जवळ बसले, ह्यांच्या कानाशी म्हटलं, "चला, सुमन बोलावतेय."
उठले.
तिचं नाव ह्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच घेतलं. वाटलं होतं तेवढं जड नाय गेलं.

१८ जाने.
लताने तिकडच्या म्हसा गावच्या जत्रेतून घोंगडी पाठवली. ह्यांच्या अंगावर टाकून निघालो. तिसऱ्या बाकाच्या वळणावर एक पोरगी सायकल घेऊन सुसाट आली. ह्यांनी माझा हात धरून मला आत ओढलं. स्वतः पडता पडता राहिले. पोरगी "सॉरी काकी" करत गेली.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, ओठ हलले. नाव आलं नाय, कोणाचंच. पण हात सोडला नाय. वाण्याच्या दुकानासमोरून, बायका बघत होत्या तरी, थेट घरापर्यंत. मलाच लाज वाटत होती नि सोडवतपण नव्हता.
कोणाचा हात म्हणून धरला, ते मी विचारलं नाय.