शिवकन्येची नोंद

शिरूर कासार
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा खणात टाकलंत हे रुचिकावहिनीनं कळवलंच होतं. त्यातून फक्त भांड्यांचा आवाज मोठा येतो, ही तुमची तक्रार मला पटते. शिवाय तुम्ही यंत्र लावत नाही तोवर मला फोनऐवजी पत्र लिहायला मिळतं, म्हणून मीही फार आग्रह धरत नाही. यात माझाच स्वार्थ आहे.

पहिल्या सत्राच्या परीक्षा संपल्या. पंधरा तारखेला पालकसभा घेऊन प्रगतिपत्रकं द्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, म्हणून सभा आधीच उरकावी लागते.

सध्या मी वर्णनात्मक नोंदी लिहिते आहे. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड आणि सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने असतात. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात, बरेच जण त्यातून उतरवतात. मला ते जमत नाही. सत्तावीस मुलं आहेत. प्रत्येकाचं निदान एक वाक्य त्याचं स्वतःचं असावं असं वाटतं. आमचे मुख्याध्यापक पंडित सर म्हणाले की बाई, तुमी नोंदी लिहिताय का पत्रिका जुळवताय.

चौथीतल्या शिवकन्येची नोंद मनासारखी झाली. गेल्या वर्षी ती आईबापाबरोबर कारखान्यावर गेली आणि पाच महिने बुडाले. यंदा ती आजीजवळ, सुभद्राबाईंजवळ, गावातच राहणार आहे. शाळेच्या हंगामी वसतिगृहात तिचं नाव घातलंय. म्हणजे दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे. तिच्यासाठी लिहिलं, “पहिलीतल्या मुलांना कुणी न सांगता जवळ घेते, रडणाऱ्याला शांत करते, मोठ्या माणसासारखी जबाबदारीने सांभाळते.” परीक्षेत न दिसणारी गोष्ट कागदावर आली याचं समाधान वाटलं. थोडा अभिमानही वाटला, तोही कबूल करते.

सुट्टी लागली की सतराला निघते. आत्याला आणि मृत्युंजयदादाला नमस्कार. तब्येत सांभाळा, आणि मायेचं पत्र लवकर येऊ द्या.

तुमची
शिवांजली

---

अंबाजोगाई
९ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. मला ऐकू येत नसलं तरी बाकीच्यांना येतं, आणि माझा आवाज आता फारच मोठा झालाय असं मृत्युंजय म्हणतो. तो दिवाळीच्या गिऱ्हाइकात बुडालाय. चाळीस वर्षं ज्या गल्ल्यावर मी बसलो तिथं मला आता कुणी बसू देत नाही. मी कापड दाखवताना दोष आधी सांगतो, हा माझा गुन्हा.

तुझ्या त्या पोरीची नोंद ऐकून रुचिका लगेच म्हणाली की अशी मुलगी सून म्हणून मिळाली तर घराचं सोनं होईल. मी म्हटलं की पोर नऊ वर्षांची आहे, तिला आधी पाढे तरी पाठ करू दे. त्यावर सगळे हसले. तुझी आत्या मात्र उठून आत गेली. तिचे पाय दुखत असतील.

पंडित सरांचं मनावर घेऊ नकोस. पत्रिका जुळवणाऱ्यापेक्षा तू बरी, निदान पोरांना बघून तरी लिहितेस. सतराला वाट पाहतो. येताना तिकडची बाजरी आण. जवळ असलीस काय, लांब असलीस काय, आशीर्वाद सारखाच.

तुझे
अप्पा

---

शिरूर कासार
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

मी आज निघाले नाही. पोस्टाची वाट पाहण्याइतका वेळ नाही, म्हणून या कागदाचा फोटो वहिनीच्या मोबाईलवर पाठवते आहे. तिनं तो मोठा करून तुम्हाला दाखवावा.

परवा सभा चांगली झाली. शिवकन्येचे वडील सोमेश्वर सातवी शिकलेले आहेत. त्यांनी प्रगतिपत्रक तिथंच उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला हात जोडले. मला बरं वाटलं. काल सुट्टी असूनही कागद आवरायला आम्ही शाळेत होतो, तिथं ते सकाळी आले आणि म्हणाले की वसतिगृहातून पोरीचं नाव काढा, आमी तिला संगं नेतोय.

झालं ते असं. त्यांना अकरा महिन्यांचा मुलगा आहे. घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. सोमेश्वर आणि त्यांची बायको करिष्मा फडात ऊस तोडायला लागले की कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, त्याच्याजवळ कुणीतरी हवं. करिष्माची धाकटी बहीण जाणार होती, पण तिचं लग्न ठरलं. तरी शिवकन्येला न्यायचा त्यांना धीर होत नव्हता. कोपीपुढं चूल, बाजूला ट्रॅक्टरची ये-जा, आणि पोरगी नऊ वर्षांची. तेवढ्यात माझी नोंद हाती पडली. ते म्हणाले की बाई, आमी लई घोर लावून घेतलता, पन तुमीच लिवून दिलंय की ती मोठ्या मान्सावानी सांभाळती. आता कशापायी भ्यायचं.

अप्पा, ते मला टोमणा मारत नव्हते. आभार मानत होते.

पंडित सरांनी कपाटातून कोरं प्रगतिपत्रक काढून दिलं. म्हणाले, अवखळ आहे, लक्ष एका जागी राहत नाही असं लिहा, जुनं परत घ्या, प्रश्न मिटला. ते कोरं पत्रक कालपासून माझ्यापुढं आहे. लिहिलं तर खोटं होईल. न लिहिलं तर माझ्या खरेपणाचं मोल ती पोरगी भरेल. आणि मनात असंही येतं की ते वाक्य मी तिच्यासाठी लिहिलं, की मला नीट बघता येतं हे दाखवण्यासाठी?

त्यांची गाडी भाऊबीजेला निघणार आहे. तुम्ही काय केलं असतंत? रागवायचं असेल तर रागवा, पण लिहा.

तुमची
शिवांजली

---

अंबाजोगाई
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रुचिका याही कागदाचा फोटो पाठवील. तुझं पत्र काल बोटानं मोठं-लहान करत चार वेळा वाचलं.

कोरं पत्रक सरांना परत दे. ती पोरगी कधीतरी मोठी होईल आणि ते वाचील. आपण चांगलं वागलो त्याबद्दल बाईंनी आपल्याला अवखळ लिहिलं, हे तिनं का वाचावं?

आता एक सांगतो. ते तुला आजवर कुणी सांगितलेलं नाही. अक्काला, म्हणजे तुझ्या आत्याला, लिहिता-वाचता येत नाही. शांताला अक्षराची गोडीच नव्हती, असं आमच्या घरात सांगत आले आणि तुम्हा मुलांना मीही तेच सांगितलं. ते खरं नाही. अक्का दुसरीत होती, तिला वळणदार अक्षर होतं. मग मी जन्मलो. आई दिवसभर मळ्यात. अक्का मला कडेवर घेऊन फिरायची आणि येणारं-जाणारं म्हणायचं की शांता मन्मथला किती छान सांभाळते. तिची पाटी मग मला मिळाली. त्या पाटीवर मी अक्षरं गिरवली तेव्हा ती माझ्याशेजारी बसून माझा हात धुऊन द्यायची. कुणी तिला मारलं नाही, रागावलं नाही, नुसतं कौतुक केलं. म्हणून त्यात काही चुकलं असं कुणाला वाटलंच नाही. मलाही पंच्याहत्तरी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं.

तू खोटं लिहिलं नाहीस. मी कापड विकताना आधी विचारायचो की कशाला हवंय. तेवढं विचारायचं तुझ्याकडून राहिलं. आता त्यांच्या घरी जा. बारक्याला दोन हात हवेत हे खरं आहे, ते नाकारू नकोस. पण त्या घरात आणखी कोण आहे आणि कुणाला अजून विचारलेलं नाही, ते बघ.

दिवाळी तुझ्याविना होईल, त्याला इलाज नाही. तुझं बरं चिंतणारे इथं बसले आहेत, हे विसरू नकोस.

तुझे
अप्पा

---

शिरूर कासार
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर वहिनीला एवढंच कळवलं होतं की शिवकन्या राहिली. सविस्तर आज लिहिते.

पाडव्याच्या दुपारी त्यांच्या घरी गेले. सोमेश्वर भांडी पोत्यात बांधत होते. म्हणाले की बाई, सनाचं आलाव तर बसा, पन शाळेचं काडू नका. मी बसले आणि तुमचं पत्र, आत्याचा तेवढा भाग, वाचून दाखवला. तुम्हाला आणि आत्याला न विचारता वाचला, हे चुकलं असेल तर क्षमा करा. सोमेश्वर म्हणाले की आमचं काय जल्माचं न्हाई, एका हंगामाचं हाय.

सुभद्राबाई कडेला बाजरी निवडत बसल्या होत्या. त्या सुपातून मान वर न करता बोलल्या की सकाळधरनं बारक्यापासून ते बाईच्या आत्यापस्तोर समद्यांचं नाव निघालं, पन म्हातारे तू येतीस का म्हनून कुनी इचारलं न्हाई. सोमेश्वर म्हणाले की गेल्या साली तूच म्हनलतीस, मेले तरी ट्रकात बसनार न्हाई. त्यावर सुभद्राबाई म्हणाल्या की मेल्यावर बसून काय करू, जित्ती हाय तवर बसते. सगळे हसले. करिष्मा मात्र हसली नाही. आजी गेली तर पोरगी कुणाजवळ, हे तिलाच आधी सुचलं होतं.

वसतिगृहाचा स्वयंपाक करणाऱ्या वत्सलाबाई भिंतीला भिंत लागून राहतात. एकट्याच आहेत. आमचं बोलणं ऐकून त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या की माझ्याकडं निजंल, मलाबी सोबत. करिष्मानं मग प्रगतिपत्रक माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली की एक तुमच्या मनानं लिवलं, आता एक माझ्या मनानं लिवा. पोरगी कुनाच्या भरवशावर ठिवली, ते. मी त्या नोंदीखाली लिहिलं, “शिवकन्येची जबाबदारी माझी आहे,” आणि तारखेसह सही केली. असा रकाना प्रगतिपत्रकात नाही.

गाडी दोन दिवस उशिरा आली. सुभद्राबाईंना तिघांनी मिळून वर चढवलं. त्यांचे गुडघे किती दुखतात हे मी तेव्हा पाहिलं. वर बसल्यावर त्या म्हणाल्या की बाई, आता माजीबी नोंद लिवा, लेकरं चांगली सांभाळती म्हनून. नंतर वसतिगृहाच्या यादीत पालक म्हणून वत्सलाबाईंचं नाव घालण्याच्या खटपटीत सुट्टी संपली. दादाची ओवाळणी राहिली.

गाडी गेल्यापासून शिवकन्या दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तिला आईबरोबर जायचं होतं. अप्पा, तिच्याबद्दल आम्ही सगळे इतकं बोललो, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. विचारलं असतं आणि ती जाते म्हणाली असती, तर मी ऐकलं असतं का? ऐकलं नसतं. तरी विचारायला हवं होतं.

काल माझ्या मोबाईलवर आईशी बोलली. बारक्या चार पावलं चालला म्हणे, आजीच्या काठीला धरून. शिवकन्येनं पुन्हा पुन्हा विचारलं की कुठल्या पायानं सुरुवात केली. मग मोबाईल माझ्या हातात दिला, जागेवर जाऊन बसली आणि भागाकाराचं पान उघडलं. मध्येच मान वर करून तिनं मला विचारलं की बाकी उरली तर ती कुठं लिहायची. दोन आठवड्यांतलं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

तुमच्या पत्राचे उपकार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही. माया जशी आहे तशीच राहू द्या.

तुमची
शिवांजली

---

अंबाजोगाई
१४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र अक्काला वाचून दाखवलं. तिच्याबद्दल मी तुला काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ती रागावली नाही. पोरीचं काही विचारलं नाही, म्हातारीच्या गुडघ्यांचंही नाही. बारक्या खरंच चालायला लागला का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग ती बराच वेळ वाती वळत बसली. नंतर काही बोलली ते मला ऐकू आलं नाही. तिनं ते माझ्या कानाशी येऊन पुन्हा सांगितलं. म्हणाली की मन्मथ चालायला लागला की तू परत शाळेत जा, असं मलाबी म्हनले व्हते.

चैत्रात हंगाम संपून बारक्या चालत घरी येईल, तेव्हा पोरीची शाळा पुढं चालू राहील ना, ते विचारायला तू त्या दाराशी पुन्हा जा. इतकंच लिहायला कागद घेतला होता.

तुझे
अप्पा