सालींचं सूप आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा दोन्ही हात जोडून (आणि भाजलेला अंगठा जरा बाजूला ठेवून) नमस्कार.

तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींना सांग, हलणाऱ्या दाताला जिभेने झोके देत बसू नका, तो पाळण्यात झोपलेला नाही. आम्ही दोघं खुशाल आहोत. निदान आता आहोत. मधले काही आठवडे कसे गेले ते सांगायलाच हे पत्र, आणि ते लांबणार आहे, तेव्हा चष्मा घेऊन बस.

दातांचा दवाखाना बंद केल्यापासून घरातली बारीकसारीक कामं माझ्याकडे आली आहेत, हे तुला ठाऊकच आहे. एका सकाळी कचऱ्याचा डबा खाली न्यायला उचलला आणि दुर्बुद्धी सुचून झाकण उघडलं. आत भाताचा ढीग, अर्धा कोबी, कडेने वाळलेला पाव आणि एक गाजर. असं धडधाकट गाजर, ताई, की थोडं कोरून भरलं असतं तर आणखी पाच वर्षं टिकलं असतं! (हे दातांचं झालं, पण तत्त्व तेच. उपटणं सोपं, वाचवणं अवघड, हे जन्मभर पेशंटना ऐकवत आलो.) हा सगळा पैसाच आपण डब्यात ओततोय, असं वाटून मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून या घरातून खाण्याची एकही वस्तू बाहेर जाणार नाही. स्वयंपाकाचं मी बघतो." हिचा गाण्याचा क्लास सुरू होता. दारातूनच म्हणाली, "बघा." बायकोने एका शब्दात होकार दिला की शहाण्या माणसाने सावध व्हावं. पण शहाणपणाच्या बाबतीत मी उंटावरचा, हे तू लहानपणापासून म्हणतेस.

मग मी कोंड्याचा मांडा करायला घेतला. बटाट्याच्या साली, गाजराचे शेंडे, कोबीचा दांडा, मटारची टरफलं, सगळं उकळून घोटून सूप. रंग साधारण माझ्या दवाखान्याच्या भिंतींसारखा. (वास मात्र दवाखान्याचा नव्हता, दवाखान्याचा बरा होता.) शिळा पाव आणि भात मळून टिक्क्या केल्या, उरलेल्या टिक्क्या कुस्करून सुपात घातल्या, उरलेल्या सुपात दुसऱ्या दिवशीचा भात शिजवला. उरलेल्याचं उरलेलं अशी त्याची वंशावळ वाढत चालली. त्यात स्वयंपाक मी बघतो म्हणजे काय, तर साली बघतो. रोजचा भात नि भाजी क्लास आटोपून हीच टाकायची. त्यामुळे उरलेल्याला तोटा नव्हता. ही मूग गिळून जेवायची. पण संध्याकाळी पातेलं रिकामं झालेलं असायचं, आणि ते पाहून मी असा फुगायचो की विचारू नकोस. हिला आवडतंय, फक्त कबूल करायचं नाहीये, एवढाच मी अर्थ काढला.

एका दुपारी न्हाव्याकडून लवकर परतलो, तर ही शालीखाली डबा घेऊन जिना उतरत होती. मी कठड्याआड थांबलो. हिने खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं. तिथे बँडमास्तर राहतात. सगळी हयात कर्णा फुंकण्यात गेली, तोंडात आता एकही दात नाही आणि कवळी त्यांना सहन होत नाही. बायको गेल्यापासून चहात बिस्किट बुडवून दिवस काढत होते. (आणि मी रोज त्यांच्या दारावरून नमस्कार करत जायचो!) दार उघडलं तर गळ्याला रुमाल बांधून तयार.

"आणलंत? कालच्यात कोबीचा दांडा होता ना? फार छान!"

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "अहो डॉक्टर, या, या! तुम्हीच करता म्हणे हे. कितीतरी दिवसांनी काहीतरी गरम गिळता आलं बघा."

आता यावर रागवायचं कसं? जिना चढताना हिला एवढंच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून घोटत होतात," ही म्हणाली. "टाकवेना. आणि खाववेना."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना वरच जेवायला बोलावलं. ते ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि ही तांदूळ मोजताना पाहून म्हणाले, "पाहुणे यायचेत वाटतं?"

"नाही. का?"

"मग एवढं कुणाला?"

हिने पातेल्यात पाहिलं. तांदूळ पाच माणसांचे होते. तिन्ही मुलं घरट्यातून उडून किती वर्षं झाली, पण हिच्या हाताला कुणी ते सांगितलंच नव्हतं. "हात तसाच पडतो," ती म्हणाली. मास्तर चाचरत म्हणाले, "तिसरा मला धरा की."

तर ताई, आता तिघांचा स्वयंपाक होतो. मास्तर संध्याकाळी बाजार उठता उठता स्वस्तात भाजी आणतात. (घासाघीस करताना गाल असे फुगवतात की भाजीवाली हसून भाव उतरवते.) लागेल तेवढंच शिजतं. कचऱ्याचा डबा इतका हलका असतो की खाली न्यायचा विसर पडतो. सालींचं सूप आठवड्यातून एकदा लोकाग्रहास्तव होतं. लोक म्हणजे मास्तर.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र संपेपर्यंत विचारायचा धीर झाला नाही. येत्या आठवड्यात तुझ्याकडे राहायला येऊ का? स्वयंपाकघर मार्गी लागल्यावर मी विजेच्या बचतीकडे लक्ष वळवलं आणि क्लास भरलेला असताना दिवे घालवले. ही म्हणाली, "ताईंकडे जाऊन या." तिकीटही तिनेच काढून दिलंय. परतीचं काढायला विसरली असावी.

ता. क. (हे अक्षर यांचं नाही, माझं) वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून दोन ओळी. विसरले नाही. तिकडे दिवे, नळ, साबण, जे म्हणतील ते वाचवू द्या, फक्त स्वयंपाकघराला कडी लावून ठेवा. मात्र फार दिवस ठेवून घेऊ नका. मास्तर बिचारे सगळं छान म्हणतात. समोर बसून यांच्यासारखं चुका काढणारं माणूस नसलं की मला जेवण जात नाही.