पंधरावी रेघ

ती. दादांस,

इकडे जमीन अजून ओली आहे, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आमची ही (म्हणजे तुमची बहीण) परवापासून तुमच्याकडे आहे, तेव्हा प्रकरणाची एक बाजू तुम्ही ऐकली असेलच. दुसरी बाजू अशी.

वादळात आधी छपराचे चार पत्रे उडाले आणि वरून पाणी आलं. तासाभराने नदी दारातून आत आली. आमच्या घराच्या विम्यात वादळ बसतं, पूर बसत नाही. पुरासाठी वेगळा हप्ता होता, पण त्या रकान्यात मी स्वतः 'गरज नाही' असं लिहून सही ठोकली होती. तीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी मोजलेल्या माणसाच्या घरात पाणी न विचारता शिरेल कसं, असं मला वाटलं होतं. ते न विचारताच शिरलं. आता छपराला, अंथरुणाला आणि मुख्य म्हणजे हिच्या शिलाई मशीनला (घरात कामाची वस्तू तेवढी एकच, असं तिचं मत) विम्याचाच आधार होता.

पाहणीला कंपनीचे साहेब आले. माणूस सज्जन, पण प्रत्येक वस्तूला पाणी वरून लागलं की खालून, याची कसून चौकशी करणारा. पंखा पास झाला. कपाटाचा वरचा कप्पा पास, खालचा नापास. पलंगाची गादी मंजूर, पाय नामंजूर. छत्री वरच्या खुंटीला होती, चांगली वादळात भिजली होती, तरी नामंजूर; का, तर भिजणं हे तिचं कामच आहे. सोफ्यापाशी गाडी अडली. त्याला दोन्हीकडून पाणी लागलेलं. साहेब म्हणाले, यातलं वादळाचं पाणी वेगळं काढून दाखवा. (मी पिळून पाहिलं.) शेवटी हिने त्यांना चहा दिला, चहाबरोबर छपराचं भोक दाखवलं, आणि साहेब विरघळले. मशीन भोकाखालीच आहे, तेव्हा तेही वादळात धरू म्हणाले. पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दादा, कोणी अंदाजाने पातळी लिहायला लागलं की मला राहवत नाही. मी त्यांना हाताला धरून कपाटाशेजारच्या भिंतीपाशी नेलं. पाणी चढत होतं तेव्हा मी दर दहा मिनिटांनी तिथे पेन्सिलीने रेघ मारली होती. चौदा रेघा, प्रत्येकीला वेळ, उंची आणि माझी सही. सातवीला 'पाणी मशीनच्या मोटरीत शिरले' असा शेराही आहे. (तेव्हा ही "अहो, मशीन उचला!" म्हणून ओरडत होती आणि मी "पाच चाळीस होऊ दे" म्हणालो, हे मी नाकारत नाही.) साहेबांना गहिवरून आलं. वीस वर्षांच्या नोकरीत पुराचा इतका स्वच्छ पुरावा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला, भिंतीचे फोटो काढले आणि छपराचे पत्रे आणि पंखा सोडून सगळं नामंजूर केलं.

हिने तिथल्या तिथे बॅग भरली आणि निघाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. घर खायला उठतं हो.

आपला,
अर्धवट वाळलेला मेहुणा

ता. क. – जाताना हिने माझी पेन्सिल नेली आहे. खरं तर पत्र त्यासाठीच. कोणाबरोबर तरी लगेच पाठवा, सकाळपासून पुन्हा पाऊस लागला आहे.

ता. क. २ – मशीन डोक्यावरून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. नवी मोटर लागली. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ विकून बसवून घेतली. हिला सांगू नका.

ता. क. ३ – पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात भिंत रंगवायला बोलावलेल्या रंगाऱ्याने खाली बसून हाक मारली. अगदी जमिनीलगत एक पंधरावी रेघ आहे. अक्षर हिचं. 'साडेआठ. पाणी उतरले. मशीन गेले. हे सुखरूप.' खाली सही. माझ्या चौदा रेघांवर मी रंग मारायला सांगितला, तेवढी एक ठेवली. पेन्सिल राहू दे, दादा. हिलाच पाठवा.